जॉबर आणि माझा कोरा कॉम्प्युटर

कोऱ्या कॉम्प्युटरपुढे बसल्यावर जॉबर पहिली पंधरा मिनिटं काहीच करत नसत. बटण दाबायचे, खालच्या पत्र्याच्या डब्यावर उजवा तळहात ठेवायचे, मान जराशी कलती करायचे आणि डोळे मिटून आतल्या पंख्याचा आवाज ऐकत बसायचे. माझ्या घरी पहिल्यांदा आले त्या दिवशी मी पाच मिनिटं थांबले, दहा मिनिटं थांबले, मग विचारलं, "अहो, झोपलात की काय?"

"न्हाय अक्का," डोळे न उघडता म्हणाले. "रिकामा चालतोय. रिकामा नीट चालला तर भरल्यावर चालंल. रिकामा असतानाच कुरकुरत असंल तर त्याच्यावर ताणा चढवून काय करायचं?"

ताणा म्हणजे मागावरचा उभा धागा. त्या दिवशी त्यांनी त्या कॉम्प्युटरवर एकही गोष्ट घातली नाही. "सांजेपर्यंत नुसता चालू द्या, उद्या येतो," म्हणून पिशवी उचलून निघून गेले. मी सुनेला म्हटलं, हा माणूस दोन फेऱ्या दाखवून दुप्पट मागणार. त्यांनी एकाच फेरीचे घेतले. माणसाबद्दल आधी वाईट मनात आणायचं आणि मग चौकशी करायची, ही माझी सवय. धंद्याने लावलेली. त्या माणसाचं पुढे काय झालं ते सांगायलाच हे लिहिते आहे.

जॉबर हे त्यांचं नाव नव्हे. मागाच्या कारखान्यात माग जुळवणारा, बिघडला तर दुरुस्त करणारा जो मिस्त्री असतो त्याला आमच्याकडे जॉबर म्हणतात. वीस-बावीस वर्षं त्यांनी ते काम केलं. कारखाना बंद पडला तेव्हा चाळिशी उलटून गेली होती. मग पोरांच्या शेजारी बाकावर बसून कॉम्प्युटर दुरुस्तीचा क्लास केला. काम बदललं, पण पेठेने नाव काही बदललं नाही. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, पलीकडच्या गल्लीत दखनी, आणि कॉम्प्युटरशी यातलं कुठलंही. पांढरा शर्ट, कानावर पेन्सिल, खांद्याला चादरीच्या तुकड्याची शिवलेली पिशवी. वयाने माझ्याहून पंधरा वर्षं तरी लहान, पण मी त्यांना अहोजाहो करायची. कसबी माणसाला मी अरेतुरे करत नाही. एकदाच केलं.

माझं म्हणाल तर मी चौथी शिकलेली बाई. मालक गेल्यावर घरातल्या पुढच्या खोलीत वधू-वर सूचक केंद्र सुरू केलं, आमच्या लिंगायत समाजापुरतं. सोलापुरातले, अक्कलकोट-दुधनीकडचे, तिकडे माळशिरसपर्यंतचे लोक माझ्याकडे यायचे. मी "मुलगा चांगला आहे" म्हटलं की लोक दुसऱ्या कुणाला विचारायचे नाहीत. हा फुगीरपणा नाही, तसंच होतं. माझ्या धंद्यात माझा शब्द हाच माल होता. वह्या फाटायला लागल्या, फोटो चिकटवायला जागा उरेना, तेव्हा माझी सून राजश्री म्हणाली, "आत्या, आता कॉम्प्युटर घेऊया." घेतला. विकणाऱ्याने तो आणून टेबलावर ठेवला आणि गेला. मग तो लावायला जॉबर आले.

दुसऱ्या दिवशी आल्यावरही लगेच काही बसवलं नाही. कानावरची पेन्सिल काढली, कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून पुढे घेतलं आणि विचारलं, "अक्का, तुमी दिवसभर हातानं काय करता?"

"म्हणजे?"

"कॉम्प्युटर सोडा. तो न्हाय असं समजा. लोक येत्यात, बसत्यात, मग तुमी काय करता ते करून दावा."

दुसरे मिस्त्री आपल्याजवळ काय काय आहे ते सांगतात. हे मला माझंच काम करून दाखवायला सांगत होते. मी वह्या काढल्या. मुलींची लाल, मुलांची निळी. नाव कसं लिहिते, फोटो कुठे चिकटवते, मागणी आली की खूण कशी करते, सगळं दाखवलं. ते एकेका कामापुढे पेन्सिलीने एकेक गोष्ट लिहीत गेले. लिहायला एक, फोटो ठेवायला एक, कागद छापायला एक, पत्र पाठवायला एक. पाचवं सुचेना तेव्हा थांबले.

"ही तिसरी वही कसली?" त्यांनी विचारलं.

तिसरी वही काळ्या पुठ्ठ्याची. तिच्यात न बोलायच्या गोष्टी. कुणाचं आधी मोडलेलं, कुणाच्या अंगावरचा डाग, कुणाच्या भावाचं दारूचं. मी म्हटलं, "ही आमची आतली वही."

त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. माझ्याकडे सरकवली. "हिला आत घालू नका. कधीच. कितीबी सोय झाली तरी. कॉम्प्युटर म्हंजी चौकातलं घर हाय अक्का, कुलूप लावलं तरी चौकातच."

मी ऐकलं. त्यांचं ऐकलेलं तेवढं एकच.

मग सफाई सुरू झाली. विकणाऱ्याने त्या कॉम्प्युटरमध्ये आधीच वीस-पंचवीस गोष्टी भरून दिल्या होत्या. जॉबर एकेकीवर बाण न्यायचे आणि दारात आलेल्या पाहुण्यासारखी तिची ओळख करून द्यायचे.

"हा इंग्रजी शिकवतो म्हणतो. पाहिजे?"

"नको."

"जा बाबा. हा बघा, राखणदार. महिनाभर फुकट राखंल, मग रोज सकाळी पगार मागत दारात हुबा. पाहिजे?"

"नको हो."

"ह्याच्यापरीस चांगला राखणदार मी देतो, पगार न मागणारा. आता हा. पत्ते खेळतो. तुमी कुटं खेळताय! जा—"

"थांबा," मी म्हटलं. "पत्ते असू द्या."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. राजश्री स्वयंपाकघरातून डोकावली. मी म्हटलं, "बघता काय? दुपारी कुणी नसतं. खेळते मी एकटी."

जॉबर खांदे हलवून हसले. कॅलेंडरच्या पानावर पाचवी ओळ लिहिली. "पत्ते. अक्कांचे. हे आधी सांगायचं की! मी हातानं काय करता म्हणून इचारलं तवा काय बोलला न्हाय."

पण पानावरच्या यादीतलं काहीही बसवायच्या आधी, सर्वात पहिल्यांदा, त्यांनी बसवली ती मराठी. मी म्हटलं, इंग्रजी येत नाही मला, अक्षरं ओळखण्यापुरतंही नाही. दुकानवाला म्हणाला होता, तेवढं शिकून घ्या आजी, सोपं असतं. जॉबर म्हणाले, "तुमी कशाला शिकायचं? तुमची भाषा आधी आत बसवू. नंतर जे येतील त्यांना तुमच्याशी तुमच्या भाषेत बोलायला लागंल." कॅलेंडरच्या पानातून अक्षरं कापली, बटणांवर ठेवली आणि वरून पारदर्शक टेप चिकटवला. क-ख-ग पासून सगळी. अर्धा दिवस गेला त्यात. "ज्ञ" सापडत नव्हता म्हणून शेजारच्या घरी जाऊन त्यांचं जुनं कॅलेंडर मागून आणलं. पहिल्यांदा मी माझं नाव दाबलं आणि ते समोर उमटलं. मी डोळे पुसणारी बाई नाही. चहात दूध जास्त घातलं एवढंच.

त्यांच्या पिशवीत पेन ड्राइव्ह असायचे, आणि प्रत्येकाला सुताचा धागा बांधलेला. पांढरा धागा म्हणजे रिकामा. हिरवा म्हणजे तपासलेला माल, कोऱ्या मशीनवर घालायचा. लाल म्हणजे दुसऱ्याच्या मशीनमधून आलेला, भरवशाचा नाही. लाल धाग्याचा ते कोऱ्या कॉम्प्युटरच्या जवळसुद्धा आणायचे नाहीत, पिशवीतच वेगळ्या कप्प्यात. मी एकदा विचारलं, तुम्ही बसवता ते सगळं फुकट कसं हो? चोरीचं तर नाही? तर म्हणाले, "अक्का, फुकट दोन जातीचं असतं. एक महाप्रसाद आणि एक चोरीचा माल. दोन्हीला पैसा पडत न्हाय. पण महाप्रसादात वाढणारा समोर हुबा असतो, त्याचं तोंड दिसतं. चोरीचा माल कोपऱ्यावर मिळतो आणि देणारा म्हणतो, लवकर घे. मी फकस्त पंगतीतलं आणतो."

सगळं झाल्यावर शेवटी त्यांनी किल्ली करायला लावली. म्हणाले, नवीन काहीही आत यायला लागलं की हा कॉम्प्युटर किल्ली विचारेल. दहा आकड्यांची. "आकडे तुमीच टाका. मला सांगू नका. सुनेलाबी नको. आणि किल्ली इचारली की टाकायच्या आधी मला फोन करा." एवढं बोलून ते उठले, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि माझं होईपर्यंत हलले नाहीत. पुढे तीन-चार वेळा काही नवं बसवायला आले, तेव्हाही किल्ली मागायची वेळ आली की भिंतीकडे वळायचे. मला हसू यायचं. म्हणायची, "अहो, नव्या नवरीसारखं काय तोंड फिरवता!"

वर्षभर ते यंत्र एकदाही अडलं नाही. मी चार लोकांत त्यांचं नाव सांगायला लागले. आमच्या समाजाच्या शाळेचे सेक्रेटरी माझ्याकडे यायचे, त्यांची मुलगी लग्नाची होती. शाळेत बारा नवे कॉम्प्युटर येणार होते. मी म्हटलं, जॉबरांना द्या काम, लावायचंही आणि पुढे बघायचंही. माझ्या शब्दावर त्यांनी मान डोलावली. जॉबरांना हे सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी ते कॅलेंडरचं मोठं पान घेऊन आले. त्यावर बारा चौकोन काढलेले. कुठल्या वर्गाला काय लागेल, चित्रं काढायचं कुठलं, गणिताचं कुठलं, सगळं पेन्सिलीने.

"पोरांना आधी कोरा दावणार मी," म्हणाले. "काहीच न्हाय त्याच्यावर, असा. मग त्येंनाच इचारणार, काय काय पाहिजे सांगा, आणि कशाला पाहिजे तेबी सांगा. त्येंच्यासमोर एकेक बसवणार. अक्का, आमच्या कारखान्यात बारा माग होते माझ्याकडं. बरोबर बाराच."

पन्नाशीतला माणूस, आणि तोंड असं झालं होतं की मी दुसरीकडे पाहिलं. त्या कामाची त्यांना किती आस होती ते मला तेव्हाच कळलं होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची मला सोय नाही.

त्याच सुमारास दुसऱ्या पेठेत एक नवं केंद्र निघालं. ते पत्रिका जुळवून द्यायचे, कॉम्प्युटरवर. छत्तीस गुणांचा तक्ता, भोवती रंगीत वेलबुट्टीची चौकट, वर गणपती. लोक तो कागद प्लास्टिकमध्ये घालून माझ्यासमोर आणायचे आणि विचारायचे, "तुमच्याकडं असं मिळत न्हाय व्हय?" मी जॉबरांना म्हटलं, मलाही पत्रिका पाहिजे. त्यांनी आठवडाभराने हिरव्या धाग्यातून एक आणली. गुण बरोबर सांगायची, पण कागद काळा-पांढरा, नुसते आकडे. मी म्हटलं, "गणपती कुठे आहे?"

"गुण जुळवायला गणपती कशाला?"

"गिऱ्हाईकाला पाहिजे."

"मग तो दुसरा रीतसर इकत घ्या, मी बसवतो. चोराकडचा नको."

मी विकत घेतला नाही. चिक्कूपणा म्हणा. पण खरं कारण वेगळं होतं. त्यांनी मला "नको" म्हटलेलं मला झोंबलं होतं. माझ्या घरात, माझ्या टेबलावर काय यावं हे तो ठरवणार!

मग एका दुपारी दुधनीचे अण्णा आले. धान्याचे व्यापारी, मुलासाठी स्थळं बघत होते, गप्पिष्ट माणूस. खिशातून पेन ड्राइव्ह काढला. "अक्का, त्या केंद्रात हाय तेच. पावण्याकडनं आणलंय. गणपतीसकट." त्याला कुठलाच धागा नव्हता. राजश्री कामावर गेली होती. घरात आम्ही दोघंच.

घातला. यंत्राने किल्ली विचारली. मी जॉबरांना फोन केला नाही. एका बोटाने दहा आकडे दाबले. मग जॉबरांचा तो बिनपगारी राखणदार लाल पाटी घेऊन मधे उभा राहिला, मराठीत. हे धोक्याचं आहे, असं स्वच्छ लिहिलेलं. मला वाचता येतं. अण्णा म्हणाले, "ते सारखं मधी येतंय बघा, बंद करा की त्याला." त्याला बंद करायलाही किल्ली लागली. ती पण मीच दिली. मग गणपती आला, वेल आली, रंग आले. अण्णांनी टाळी वाजवली. मी त्यांना कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली.

पंधरा दिवसांत फोन सुरू झाले. मला नव्हे, मुलींच्या घरी. अनोळखी माणसं, मुलीचं नाव घेऊन बोलायची. फोटो आहे म्हणायची. उंची, शिक्षण, जन्मवेळ, सगळं पाठ असल्यासारखं. कसली माणसं आणि कसलं बोलणं ते मी लिहीत नाही. एका मुलीने कॉलेजला जाणं थांबवलं. काळी वही आत नव्हती एवढंच बरं. ती आत असती तर चार घरं तरी उभी जळाली असती.

एका सकाळी तीन बाप माझ्या पुढच्या खोलीत आले. एक माळशिरसचे, एक इथले कापडवाले, आणि तिसरे शाळेचे सेक्रेटरी. त्यांच्याही मुलीला फोन आला होता. ते येत आहेत असा निरोप मला तासभर आधी मिळाला होता. त्या तासात मी काय केलं? पडद्यावरचं ते गणपतीचं चित्र उचललं आणि तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकलं. चित्र गेलं म्हणजे ती गोष्टच गेली, असं मला वाटलं. उंबऱ्यावरची रांगोळी पुसली म्हणजे सण झालाच नाही असं समजण्यासारखं. राखणदाराला परत चालू करायला मात्र मला सुचलं नाही.

सेक्रेटरींनी जॉबरांनाही बोलावून घेतलं होतं. ते आले, चपला बाहेर काढल्या, सगळ्यांना नमस्कार केला. कुणी उलटा नमस्कार केला नाही. ते टेबलाशी बसले. या वेळी डब्यावर हात ठेवला नाही. दोन-तीन ठिकाणी बाण नेला, एक यादी उघडली, आणि थांबले. त्यांना ती अण्णांनी आणलेली पत्रिका दिसली. चित्र टाकून काही जात नसतं. ती आतच होती, कधी आली त्या तारखेसकट, दुपारच्या वेळेसकट.

ते खुर्चीत वळले. माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. हळू आवाजात म्हणाले, "अक्का, ही बाहेरनं आलीया. किल्लीनं आलीया. किल्ली कुणाजवळ हाय?"

त्यांनी मला जागा करून दिली होती. मला सांगायचं होतं ते सांगायला. तिघं बाप माझ्या तोंडाकडे बघत होते. ज्या तोंडावर विश्वास ठेवून त्यांनी मुलींचे फोटो दिले होते त्या तोंडाकडे.

मी म्हणाले, "तुझ्याजवळ."

भिंतीकडे तोंड करून उभा राहणारा माणूस होता तो. त्याला एकही आकडा माहीत नव्हता.

खोलीत एकदम आवाज चढले. कापडवाले म्हणाले, "फोटो इकलेस व्हय रे? पोरींचे?" माळशिरसचे उठून उभे राहिले. सेक्रेटरींनी हात वर करून त्यांना थांबवलं, आणि ते जॉबरांना म्हणाले, "शाळेत यायचं कारण न्हाय आता."

जॉबर म्हणाले असते, बाई खोटं बोलते, तर कुणी ऐकलं असतं? त्यांना ते कळलं होतं. मलाही. म्हणूनच तर मी बोलले होते. ते कॉम्प्युटरकडे वळले तसे कापडवाले ओरडले, "हात लावायचा न्हाय!"

"वायर तरी काढू द्या," जॉबर म्हणाले. "अजून जातंय बाहेर. पोरींचं अजून जातंय."

ते खाली वाकले, भिंतीतून इंटरनेटची वायर ओढून काढली, ती नीट गुंडाळून टेबलावर ठेवली. चपला घातल्या आणि गेले.

शाळेचं काम दुसऱ्याला मिळालं. आमच्या पेठेत जॉबरांना बोलावणं बंद झालं, मग शेजारच्या पेठेत. पोरींचे फोटो विकणारा, एवढं एकच वाक्य पुरलं. माझ्या शब्दाला बाजारात किती किंमत होती ते मला तेव्हा कळलं. माझा कॉम्प्युटर एका दुसऱ्या मिस्त्रीने येऊन पुसला आणि अर्ध्या तासात त्याच्यावर चाळीस गोष्टी भरल्या. मला काय लागतं हे त्याने विचारलं नाही. सगळं इंग्रजीत. टेपखालची मराठी अक्षरं दाबली की पडद्यावर इंग्रजी उमटायचं. मी दुपारी समोर बसायची आणि बंद करून उठायची. पुढे केंद्रच बंद केलं. वय झालं, असं लोकांना सांगितलं.

राजश्रीला मी वर्षभराने सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ठाऊक हाय मला, आत्या."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. कचऱ्याच्या डब्यात बघितलं की मी. रिकामा केलाच नव्हता तुमी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी बोलाल म्हणून थांबले."

कुणी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, त्या तिघांना सांगा. मी म्हटलं, बघू. त्या तिघांना मी आजपर्यंत सांगितलेलं नाही. हे वाचतील तेव्हा त्यांना कळेल. मग ती म्हणाली, निदान जॉबरांकडे तरी चला. त्यांच्या घरी गेलो. त्यांची बायको दारात विड्या वळत बसली होती. तिने पाणी दिलं, आत या म्हणाली नाही. टॉवेलच्या कारखान्यात आहेत, परत मागावर, एवढंच सांगितलं.

कारखान्याच्या दारात राजश्री रिक्षात थांबली. मी एकटी आत गेले. भर दुपारची वेळ. मागांचा असा आवाज की छातीत बडवतो. तिथे कुणीच तोंडाने बोलत नव्हतं. लांबच्या टोकाला एक बाई सुताच्या कांड्या भरत होती, तिने नुसते ओठ हलवले. अलीकडच्या टोकाला जॉबर एका मागाखाली वाकले होते, त्यांनी वर बघून तिचे ओठ वाचले आणि दोन बोटं दाखवून उत्तर दिलं. दोन मिनिटं. ती हसली आणि कामाला लागली. मग त्यांना मी दिसले.

हात पुसत पुढे आले. केस पांढरे झाले होते. हातभर अंतरावर उभे राहिले. मी जे सांगायला आले होते ते सांगितलं. माझं चुकलं, किल्ली मी दिली, खोटं बोलले, मला माफ करा. नेहमीच्या आवाजात बोलले, ओरडून नाही. ते सगळा वेळ माझ्या ओठांकडे बघत होते.

माझं झालं. त्यांनी हात कानामागे नेला आणि मान हलवली. ऐकू आलं नाही, अशी.

आजूबाजूला दहा-बारा माणसं होती. मागांच्या आवाजावर ते पुन्हा सांगायचं तर ओरडूनच सांगावं लागणार होतं, आणि सगळ्यांनी माना वर केल्या असत्या. ते थांबले. बराच वेळ थांबले.

मी ओरडून म्हटलं, "बरे आहात ना?"

त्यांनी मान डोलावली आणि मागाकडे वळले.

रिक्षात बसल्यावर राजश्रीने विचारलं, "सांगितलं?"

मी म्हटलं, "सांगितलं."